मनगटावर दोन बोटं

आठवा महिना संपत आला तेव्हा मी पडद्याचं कापड आणायला गेलो. दुकानदारानं आधी फुलाफुलांचं दाखवलं, मग पट्ट्यापट्ट्यांचं, मग पिवळसर असं काहीतरी. मी म्हटलं, "मला रंग नकोय, अंधार हवाय." त्यानं कपाळाला आठ्या घातल्या. "फोटो धुता का?" म्हणाला. मी म्हटलं, "नाही, बाळ येणार आहे." तो गठ्ठ्यांच्या मागे गेला, काळं, जाड, दुहेरी विणीचं कापड घेऊन आला आणि मोजता मोजता पुटपुटला, "आमची तीन पोरं ट्यूबलाइटखाली वाढली बुवा."

तेव्हा मला त्याचा राग आला होता. आता वाटतं, त्या सगळ्या खटाटोपात शहाणा असा तो एकटाच भेटला.

तुम्ही विचारलंत की पहिल्या बाळाची तयारी कशी करायची, म्हणून हे सांगतोय. मधूनमधून आतून रडण्याचा आवाज येईल. येऊ द्या. तिकडे लक्ष देऊ नका.

तयारीत आम्ही कुठे कमी पडलो असं कुणी म्हणू शकणार नाही. दवाखान्यात दर शनिवारी होऊ घातलेल्या आईबापांचा वर्ग असतो, तिथे आम्ही आठ शनिवार गेलो. प्लास्टिकची बाहुली देतात. तिला उचलायचं कसं, मान सावरायची कशी, लंगोट बदलायचा कसा, सगळं तिच्यावर शिकवतात. मी इतका पटाईत झालो की सिस्टर इतर नवऱ्यांना माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "असं धरायचं." बायको एका छापखान्यात मुद्रितं तपासते. चुका काढणं हा तिचा पेशा, पण माझ्या लंगोटात तिलाही चूक सापडली नाही. त्या वर्गात घोटाळा एकच होता. बाहुली रडत नव्हती.

सिस्टरनी शेवटच्या दिवशी तीन गोष्टी बजावल्या. बाळाच्या खोलीत अंधार ठेवा, आवाज करू नका, आणि दोघांनी पाळ्या लावून घ्या, म्हणजे एकाला तरी झोप मिळेल. तिन्ही गोष्टी बरोबर होत्या. आम्ही त्या एकत्र केल्या आणि तिथेच चुकलो.

खोली मागच्या बाजूची, छोटी. एक खिडकी, भिंतीत बसवलेलं कपाट आणि त्या दोहोंच्या मध्ये चार पावलं चालता येईल एवढी जागा. घर भाड्याचं, नुकतंच घेतलेलं. खिडकीवर जाड लोखंडी दांडी आधीपासूनच होती. माझं काम वाचलं म्हणून मी खूशच झालो. तिच्यावर काळा पडदा चढवला, कडा चिकटपट्टीनं बंद केल्या आणि चुकून कुणी दिवा लावू नये म्हणून बल्बसुद्धा काढून ठेवला. मग दार लावून दोघं आत उभे राहिलो. भर दुपारी डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा अंधार. बायको म्हणाली, "फार छान केलंस रे." तिनं मला दिलेली ती शेवटची शाबासकी.

मी कागदाच्या गिरणीत बॉयलरवर असतो. एक आठवडा पहिली शिफ्ट, एक आठवडा दुसरी, एक आठवडा रात्रपाळी. बॉयलर कधी एकटा सोडायचा नसतो. एक जण उठला की दुसरा बसतो, त्याला चार्ज देणं म्हणतात, आणि त्याची एक रीत असते. ती मला शिकवली मास्तरांनी. ते शाळेत कधीच शिकवायला नव्हते, पण कामावर सगळ्यांकडून घोकून घ्यायचे, म्हणून ते नाव पडलं. रीत अशी, की जाणाऱ्यानं म्हणायचं "दिलं". येणाऱ्यानं काचेतलं पाणी बघायचं, दाब बघायचा, मग म्हणायचं "घेतलं". ते "घेतलं" कानावर पडेपर्यंत जाणाऱ्यानं जागचं हलायचं नाही, मग त्याची बस चुको की जेवण. तोवर काही झालं तर जबाबदारी जाणाऱ्याची.

बाईसाहेब आल्या. मी तिला पहिल्या दिवसापासून बाईसाहेबच म्हणतो. अडीच किलोचा जीव, पण हुकूम असा की घर एका पायावर नाचलं पाहिजे. पहिले दोन दिवस झोपून काढले आणि आम्हाला वाटलं, आपण जिंकलो. तिसऱ्या दिवशी तिनं जो सूर लावला तो लावला.

किती रडायची म्हणून सांगू? डॉक्टर म्हणाले, पोटात वारा धरतो, होईल कमी. सासूबाई दहा दिवस राहिल्या, म्हणाल्या, "तुम्ही दोघं फार पुस्तकी आहात," आणि स्वतःचे गुडघे धरून परत गेल्या. माझी ताई फोनवर म्हणायची, "आमचा तर बाई गुणाचा, पडला की झोपायचा." तिला मी काय उत्तर दिलं ते इथे सांगण्यासारखं नाही. तेव्हापासून ती बायकोच्याच फोनवर फोन करते.

आम्ही पाळ्या लावल्या होत्या. तीन तास ती, तीन तास मी, माझी शिफ्ट असेल तेव्हा सगळं तिच्यावर. गिरणीची रीत मी घरी आणली. अंधारात बाळ एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात द्यायचं, "दिलं", "घेतलं". पंधरा दिवस तसं चाललं. पण दोन तास फेऱ्या घालून जरा डोळा लागलेला असायचा आणि त्या एका "घेतलं"नं बाईसाहेब पुन्हा टाहो फोडायच्या. एके दिवशी बायको दात-ओठ खात म्हणाली, "तो शब्द बंद कर. घेणाऱ्यानं मनगटावर दोन बोटं वाजवायची. टक, टक. कळतं की."

मला ते पटलं. कामावर मी मास्तरांना हसत हसत सांगितलं. ते हसले नाहीत. काचेवरची नजर न काढता म्हणाले, "खुणेवर चार्ज देऊ नये. खूण कुणीही करतं."

"घरात आम्ही दोघंच तर आहोत, मास्तर."

"मग बोलायला काय होतं?" म्हणाले.

काय होतं ते त्यांना काय सांगणार? त्यांची मुलं मोठी होऊन परगावी गेलेली. मला तर आठवडाभर त्यांचाही राग आला होता. खरं सांगायचं तर त्या दिवसांत मला राग आला नाही असं माणूस उरलं नव्हतं. बस कंडक्टरचा राग यायचा. शेजारच्या खिडकीत निवांत बसलेल्या मांजराचाही यायचा.

दोन बोटांची पद्धत सुरू झाली त्या आठवड्यात माझी रात्रपाळी होती. म्हणजे दुपारी मी घरातच, पुढच्या खोलीत मेल्यासारखा झोपलेला. पुढच्या आठवड्यात पहिली शिफ्ट लागली. पहाटे पाचला घर सोडायचं आणि दुपारी तीनला परत. त्या आठवड्यातल्या गुरुवारी आमचं भांडण झालं. मी आलो, बूट काढून बसतोय, तोवर बायको आतून आली. केस पिंजारलेले, पण चेहरा जरा टवटवीत. म्हणाली, "दुपारचे दोन तास तू घेतोस म्हणून मी माणसात आहे बघ."

आता मी दुपारी दोनपर्यंत बॉयलरपुढे घाम गाळतोय आणि ही मला म्हणते, दुपारचे दोन तास तू घेतोस. मी म्हटलं, "टोमणा मारायचा तर निदान मला पाणी तरी पिऊ दे."

"टोमणा कसला? आभार मानायला आले होते."

"मान मग आभार. हार घेऊन ये."

तिचा चेहरा पडला. "तुझ्याशी सरळ बोलायची सोय राहिली नाही," म्हणाली आणि दार आपटून आत गेली. त्या आवाजानं बाईसाहेब उठल्या. मग दोन दिवस आमचं बोलणं बंद. एकमेकांच्या मनगटावर तेवढी बोटं वाजवत होतो.

आणखी एक होतं. दुपारी घरी आलो की पोरीच्या केसांना एक वास यायचा. वर्षानुवर्षं बंद असलेल्या पेटीतल्या कापडांना येतो तसा, ओलसर, गार वास. अबोला सुटल्यावर मी बायकोला म्हटलं, "दुपटी नीट वाळवत जा." ती फटकन म्हणाली, "दुपटी वाळलेलीच असतात. तुझ्या त्या गिरणीचा वास आहे." आणि दोघांनाही आपण बरोबर असल्याची पक्की खात्री होती.

मग आला रविवार. माझी सुट्टी.

त्या दिवशी ती सकाळी सातपासून रडत होती. बारा वाजता माझी पाळी लागली. मी तिला घेऊन मागच्या खोलीत गेलो, दार ओढून घेतलं. आत कोंदट उकाडा. खिडकीपासून कपाटापर्यंत चार पावलं, कपाटापासून खिडकीपर्यंत चार. तिचं तोंड माझ्या कानाशी. रडून रडून तिचा आवाज बसला होता, तरी ती थांबत नव्हती. थोपटलं, गुणगुणलो, शू-शू केलं, उभं धरलं, आडवं धरलं. वर्गात शिकलेलं सगळं केलं. ते सगळं त्या प्लास्टिकच्या बाहुलीवर चालत असे.

तास झाला असेल. माझे खांदे भरून आले. आणि मग माझ्या मनात जे आलं ते मी आजवर फक्त बायकोला सांगितलंय, आता तुम्हाला सांगतो. ती मला नको होती. थकलो म्हणून, झोप हवी म्हणून असं काही नाही. नुसतीच नको होती. कुणीही यावं आणि हे माझ्या हातातून न्यावं, असं मला अगदी मनापासून वाटलं. माझी पकड घट्ट झाली, इतकी की मला माझ्याच हातांची भीती वाटली. मी कपाटापाशी थांबलो आणि डोळे मिटले.

माझ्या उजव्या मनगटावर दोन बोटं वाजली. टक. टक.

बायको वेळेआधीच आली, असं मला वाटलं. तिच्याबद्दल एवढी माया मला कितीतरी दिवसांत दाटून आली नव्हती. बोटं गार होती, पाण्यात काम करून आल्यासारखी. मी हात पुढे केले, समोरच्या हातांचा अंदाज घेतला, मानेखालचा हात हळूच काढून घेतला. भार गेला. नळ बंद करावा तसं रडणं थांबलं. मी भिंतीच्या आधारानं दार शोधलं आणि बाहेर आलो.

स्वयंपाकघरात बायको माझ्याकडे पाठ करून उभी होती. कोपरापर्यंत साबणाचा फेस, दूध पाजायच्या बाटल्या धूत होती. मागे न वळता तिनं हळूच विचारलं, "झोपली?"

मी खुर्चीत बसलो. मग उठलो.

"तू... आत्ता आत होतीस ना?"

"मी बाटल्या धुतेय. दिसत नाही का?"

"आत्ता. तू माझ्याकडून घेतलंस."

ती वळली. माझा चेहरा बघून तिनं नळ बंद केला. "चेष्टा करू नकोस."

"दोन बोटं लावलीस..."

"तिला पाळण्यात ठेवलंस ना?" ती अगदी हळू म्हणाली. "सांग मला. पाळण्यात ठेवलंस."

"नाही. हातात दिलं."

तिच्या कोपरावरून फेस खाली टपकत होता. मग तिनं विचारलं, "हात... गार होते?"

"होते. का?"

"दुपारी तुझे हात गारच असतात." तिनं स्वतःचं मनगट धरलं. "मला वाटायचं, बाहेरून आलास, धुऊन आलास... रोज एक वाजता तू घेतोस ना माझ्याकडून. रोज. बारा दिवस..."

"मी तीनला येतो. मागच्या आठवड्यात दुपारी झोपलेला असायचो. मी एकदाही उठलो नाही."

त्या खोलीत दिवस-रात्र सारखेच होते. बायकोला माझी कोणती शिफ्ट चालू आहे हे बऱ्याचदा कळतच नसे, आणि ते विचारायला आम्ही एकमेकांशी बोलतच कुठे होतो? ती अंधारात पेंगत उभी असायची, मनगटावर दोन बोटं वाजायची, ती पोरगी देऊन मोकळी व्हायची आणि मधल्या खोलीतल्या पलंगावर जाऊन पडायची. दोन तासांनी ती पुन्हा आत जायची, आपली बोटं वाजवायची आणि पोरगी तिच्या हातात यायची, झोपलेली, गार. ती मला सांगायला आली होती. आभार मानायला आली होती. मी हार मागितला.

आम्ही मागच्या खोलीच्या दाराशी गेलो. दार मी ओढलं होतं तसंच, जरा किलकिलं. आतून पावलांचा आवाज येत होता. अनवाणी, अगदी संथ. चार पावलं. थांबणं. चार पावलं. आमच्या दोघांपैकी कुणालाही जमलं नव्हतं इतक्या सावकाश कुणीतरी आमच्या पोरीला फिरवत होतं. आणि तो वास, दाराच्या फटीतून नुसता वाहत होता.

बायकोनं माझा दंड धरला. मी बल्बचा विचार केला. बल्ब मीच काढून ठेवला होता, तयारीत कमी पडू नये म्हणून.

मी दार ढकललं आणि आत पाऊल टाकलं. बाहेरचा उजेड उंबऱ्याच्या पलीकडे हातभरसुद्धा गेला नाही. पावलं चालूच होती. वीस वर्षं जे बोलत आलो तेच तोंडातून आलं.

"तू 'घेतलं' म्हणाली नाहीस," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "म्हटल्याशिवाय चार्ज जात नाही. पोरगी अजून माझ्याकडेच आहे."

पावलं थांबली.

"आण इकडे," मी म्हटलं आणि हात पुढे केले. "घेतलं. मी घेतलं."

काही झालं नाही. समोर कुणीतरी श्वास रोखून उभं आहे एवढं कळत होतं. माझ्या हातांत काही आलं नाही. तेवढ्यात बायको माझ्या बाजूनं पुढे गेली. मी तिला धरायला गेलो, ती निसटली. अंधारात तिनं चाचपडल्याचा आवाज झाला, आणि मग मला ते ऐकू आलं. टक. टक. तिनं दोन बोटं लावली होती. कशावर लावली, हाताला काय लागलं, ते तिनं मला आजवर सांगितलेलं नाही आणि मी विचारत नाही.

"आली," ती म्हणाली. "माझ्याकडे आली. पडदा काढ."

मी पडद्याला लोंबकळलो. दांडीसकट तो खाली आला. दुपारचं ऊन खोलीभर पसरलं. कपाट, पाळणा, चार पावलं जागा, बाकी काही नाही. बायकोनं पोरीला छातीशी आवळलं होतं. बाईसाहेब टक्क जाग्या होत्या आणि आमच्या दोघांच्या मधल्या रिकाम्या जागेकडे बघत होत्या. मग ओठ काढून तिनं रडायला सुरुवात केली. ते रडणं ऐकून मला भरून आलं, आणि बायको माझ्याकडे बघून रडत रडत हसायला लागली.

पंधरा दिवसांत आम्ही घर बदललं. इथे पडदे नाहीत, एकही नाही. दिवसासुद्धा दिवे चालू असतात. पोरगी देता-घेताना आम्ही इतक्या मोठ्यानं बोलतो की खालच्या मजल्यावरच्या काकूंनी एकदा येऊन विचारलं, तुमच्यात कुणाला कमी ऐकू येतं का. बाईसाहेब रडत राहिल्या. आम्ही चिडत राहिलो, भांडत राहिलो, पण नीट, तोंडावर भांडायला लागलो. मला वाटलं, चला, सुटलो.

पाचव्या महिन्यात तिचं रडणं कमी झालं. सगळे म्हणाले, सांगितलं नव्हतं का, होईल कमी. पण ती गप्प व्हायची ती इतर बाळांसारखी नाही. दुपारी, एकच्या सुमाराला, रडता रडता मधेच. झोपायची नाही. डोळे उघडे, आणि ते सावकाश एका बाजूनं दुसऱ्या बाजूला जायचे, थांबायचे, परत यायचे. बायको कामावर जायला लागली होती, तिच्या आणि माझ्या वेळा उलटसुलट, म्हणून दुपारी पोरीजवळ एकच जण असायचा. असं झालं की मी तिला उचलून हलवायचो, नाव घेऊन हाका मारायचो, टाळ्या वाजवायचो. कधीकधी तेवढ्यानं भागायचं नाही.

परवा सोमवारी सहा महिन्यांच्या तपासणीला तिला घेऊन गेलो. दवाखाना उजेडानं भरलेला, भिंतींवर पिवळी बदकं. डॉक्टरांनी तिला वजनाच्या काट्यावर ठेवलं, तो नवा, लाल आकड्यांचा. ती हातपाय झाडत किंचाळत होती. आकडा नाचता नाचता थांबला. सहा किलो नऊशे. डॉक्टर लिहायला वळले.

आणि ती गप्प झाली. वर बघून हसली. आकडा उतरायला लागला.

सहा किलो सहाशे. पाच किलो. चार किलो दोनशे. ती काट्यावरच होती, आमच्या डोळ्यांसमोर, पाठ टेकलेली, हसत. मी तिच्या पोटावर हात ठेवला आणि खाली दाबून धरलं. आकडा तरी थांबेना. डॉक्टर मान वर करून म्हणाले, "हात काढा, हात लावला की वजन खरं येत नाही." मी हात काढला नाही. तीन किलो. दोन किलो शंभर.

बायकोनं तिच्या अंगाखाली हात घातला आणि मांडीला चिमटा काढला. चांगला पीळ देऊन. पोरगी कळवळून ओरडली. आकडा झरकन वर आला. मी हात उचलला, तेव्हा तो सहा किलो नऊशेवर थांबला.

"काटा बिघडला वाटतं," डॉक्टर म्हणाले आणि त्याला एक चापट मारली.

लंगोट बांधताना मी तिची मांडी पाहिली. एक ताजा लाल डाग होता. त्याच्या शेजारी दोन जुने, हिरवट पडलेले. एक मंगळवारचा, एक शुक्रवारचा, दोन्ही माझेच. पण दुसऱ्या मांडीवर आणखी तीन होते. मी बायकोकडे पाहिलं. तिनं नजर खाली घातली आणि झबल्याचे बंद बांधायला घेतले.

बाहेर बाकांवर सगळे आईबाप आपापल्या बाळांना गप्प करत होते. आमची टाहो फोडत होती आणि आम्ही तिला रडू देत होतो. एका बाईंनी आमच्याकडे असं काही पाहिलं, की वाटलं, थांबून त्यांना सगळं सांगावं. पोरीला खांद्यावर घेऊन मी जिना उतरायला लागलो. बायको माझ्या पुढे दोन पायऱ्या, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात फाइल. अर्ध्या जिन्यात पोरगी हुंदका देऊन शांत झाली. मी थांबलो. दुसरं काय करणार होतो? मी दुपट्याखाली हात घातला, मांडी शोधली. चिमट्याच्या जागी एक गार हात आधीच होता आणि तो तिथे हलक्यानं चोळत होता.